दुसऱ्या महायुद्धात भारतात नजरकैदेच्या छावण्या होत्या का? तिथे कुणी नावाजलेली माणसं होती का?

होत्या की! त्यातली एक तर आपल्या नगरला (आताचं अहिल्यानगर) होती. शिवाय देवळाली, सातारा, पुरंदर, आणि सगळ्यात मोठा पसारा डेहराडूनजवळ प्रेमनगरला.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने युद्ध पुकारलं, व्हाइसरॉयने भारतालाही त्यात ओढलं आणि इथले जर्मन लोक रातोरात 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' ठरले. व्यापारी, मिशनरी, डॉक्टर, सगळे आत. नाझी कोण आणि नाझींच्या भीतीने पळून आलेला ज्यू कोण, हे सुरुवातीला कुणी फारसं बघत बसलं नाही. बऱ्याच ज्यूंना पुढे चौकशी करून सोडलं.

नावाजलेल्यांत पहिलं नाव कुणीही हाइनरिश हारेरचं घेईल. नंगा पर्बतची पाहणी करून परतताना हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक कराचीत अडकला आणि नगरच्या छावणीत आला. नगरहून देवळालीला नेताना त्याने ट्रकमधून उडी टाकली. बेत होता गोव्याला पोचण्याचा, कारण पोर्तुगाल तटस्थ होता. सोबतचा लोबेनहोफर पकडला गेला, त्यामुळे यालाही मुकाट्याने परतावं लागलं.

पुढचा किस्सा डेहराडूनचा, २९ एप्रिल १९४४ चा. सात जण एकत्र निघाले. दोघांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचा वेश घेतला, एकाच्या हातात नकाशांची भेंडोळी. बाकीचे रंग फासून, फेटे बांधून मजूर झाले. खांद्यावर शिडी, काटेरी तारेचं वेटोळं. कुंपण दुरुस्त करणारी टोळी समजून पहारेकऱ्यांनी त्यांना भरदिवसा दारातून जाऊ दिलं! हारेर आणि पीटर आउफश्नाइटर जानेवारी १९४६ मध्ये ल्हासाला पोचले, आणि हारेर पुढे दलाई लामांचा शिक्षक झाला. हारेर एसएसचा, म्हणजे हिटलरच्या नाझी निमलष्करी दलाचा, सदस्य होता हे १९९७ मध्ये उजेडात आलं. त्याचं कौतुक करताना तेवढं ध्यानात असू द्यावं. 'अधिकारी' झालेले मागेनर आणि फोन हावे मात्र थेट कलकत्त्यामार्गे ब्रह्मदेशात जपान्यांच्या हद्दीत गेले. धाडस म्हणून मला हेच जास्त थक्क करणारं वाटतं, पण त्यांची नावं कुणाला माहीत नसतात.

माझ्या लेखी मात्र या छावण्यांतला सगळ्यात 'आपला' माणूस म्हणजे योसेफ वीरशिंग. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा छायाचित्रकार. १९३६ चा 'अछूत कन्या' त्यानेच टिपला, दिग्दर्शक होता फ्रान्झ ऑस्टेन. युद्ध पेटल्यावर दोघांनाही धरलं. ऑस्टेन नाझी पक्षाचा सदस्य होता. वय झालेलं म्हणून सुटला आणि जर्मनीला परत गेला. १९४० मध्ये बॉम्बे टॉकीजचे संस्थापक हिमांशू राय वारले, म्हणजे स्टुडिओची घडी पार विस्कटली. वीरशिंग मात्र युद्ध संपेपर्यंत छावण्यांतच राहिला, आणि बाहेर आल्यावर मायदेशी न जाता पुन्हा मुंबईतच कॅमेऱ्यामागे उभा राहिला. १९४९ चा 'महल' आठवा: हवेलीतला तो अंधार, झोपाळ्यावरची मधुबाला, अर्ध्या उजेडातला अशोककुमार. जर्मन स्टुडिओंतली सावल्यांची ती शैली त्याने हिंदी पडद्यावर रुजवली. 'पाकीझा'चं चित्रीकरण चालू असतानाच तो १९६७ मध्ये मुंबईत वारला; उरलेलं काम इतरांनी पुरं केलं.

भिक्षूसुद्धा सुटले नाहीत. लामा गोविंद आणि न्यानपोनिक थेर हे दोन जर्मन बौद्ध डेहराडूनच्या तारेआड होते. न्यानपोनिक जन्माने ज्यू, म्हणजे हिटलरपासून सुटून सिलोनला आलेला आणि तिथे जर्मन म्हणून धरलेला! त्याने आत बसून पाली ग्रंथांची भाषांतरं केली.

एक घोळ नेहमी होतो, तोही सांगून टाकतो. नेहरू, मौलाना आझाद वगैरे मंडळी १९४२ नंतर नगरला होती ती भुईकोट किल्ल्यात, राजबंदी म्हणून. जर्मनांच्या छावणीशी त्यांचा संबंध नाही.