३१ मार्चला काँट्रॅक्ट संपतंय, पुढचं कुठून आणू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डोंबिवलीचा, वय ४४. बरीच वर्षं आयटीत नोकरी केली, आता फ्रीलान्स प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करतो. सध्या बीकेसीत एका बँकेत व्हेंडरच्या, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या कंपनीच्या, थ्रू आहे, लोन सिस्टिमचं मायग्रेशन (जुन्यातून नव्यात हलवणं) चाललंय, पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर, ३१ मार्चला संपतो. बँकेतले साहेब म्हणतात ‘बघू, एक्स्टेंड करू’, व्हेंडर म्हणतो ‘होईल सर, टेन्शन नका घेऊ’. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी बारावीला. जॉब साइट्सवर रोज अप्लाय करतोय, एक धड कॉल नाही. ओळखीच्यांना फोन करून काम मागायला मात्र जिवावर येतं, त्यांना वाटेल ह्याचं काहीतरी बिनसलंय. काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ‘टेन्शन नका घेऊ’ म्हणणाऱ्याचा पगार चालू राहणार असतो, हे आधी लक्षात घ्या. साहेबांना सरळ विचारा, पीओ रिन्यू करायची रिक्वेस्ट प्रोक्युअरमेंटला, म्हणजे खरेदी विभागाला, गेलीय का, आणि गेली असेल तर कोणाकडे अडकलीय. गेलीच नसेल तर एक्स्टेंशन नाही असं धरून चाला. साहेब खोटं बोलतात असं नाही हो, पण नवीन वर्षाचं बजेट एप्रिलला उघडतं आणि ते खालच्या डिपार्टमेंटपर्यंत झिरपायला मे उजाडतो, त्यात त्यांच्या हातात काही नसतं. बरं, मार्चअखेर बँकांमध्ये चेंज फ्रीझ, प्रॉडक्शनला, म्हणजे चालू सिस्टिमला, कोणी हात लावू देत नाही, तेव्हा नवीन पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) कोण घेणार. आणि घेतला तरी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये आठवडे जातात, तुमच्या तर आधीच्या सगळ्या क्लायंटची पत्रं मागतील, ती आत्ताच गोळा करून ठेवा, माणसं नोकरी सोडून गेली की पत्र द्यायला कोणी उरत नाही. म्हणजे शोधाशोध मार्चमध्ये नाही, ह्याच आठवड्यात सुरू करायची.

आता फोनचं. आपल्याकडे ही एक खोडच आहे, काम चोख करायचं आणि मग कोणीतरी येऊन विचारेल म्हणून वाट बघत बसायचं. ज्याचं प्रोजेक्ट लटकलंय तो बिचारा आधीच ढीगभर सीव्ही वाचून वैतागलेला असतो, त्याला तुमचा फोन म्हणजे तुम्ही हात पसरताय असं वाटतच नाही, त्याला वाटतं सुटलो एकदाचा. आणि काँट्रॅक्ट संपणं हे तर फ्रीलान्सरचं रोजचंच आहे, त्यात बिनसलं काय? मला विचाराल तर रोज साइटवर वीस ठिकाणी अप्लाय करून ‘मी प्रयत्न करतोय’ असं स्वतःला सांगणं, ही फोन टाळायची युक्ती आहे. काँट्रॅक्टची कामं बऱ्याचदा साइटवर येतच नाहीत, सकाळी क्लायंटची मेल व्हेंडरला येते, व्हेंडर चार ओळखीच्यांना फोन लावतो आणि संध्याकाळपर्यंत प्रोफाइल जाऊन बसतात.

यादी करताना मोठ्या साहेबांपासून सुरू करू नका. तुमच्या हाताखाली काम केलेले बीए (बिझनेस ॲनालिस्ट), टेस्टर, सपोर्टची पोरं, ह्यांच्यापासून करा. ही मंडळी बीकेसीतून लोअर परळला, तिथून मालाडच्या माइंडस्पेसला, तिथून ऐरोलीला अशी सारखी फिरत असतात आणि आतली खरी खबर त्यांनाच असते, कुठलं गो-लाइव्ह (नवी सिस्टिम सुरू होणं) तिसऱ्यांदा पुढे गेलं, कुठला पीएम मध्येच सोडून गेला, कुठे व्हेंडर आणि बिझनेसवाल्यांची रोज जुंपतेय. त्यांच्या हातात तुम्हाला घ्यायचं नसतं पण ‘कोणाशी बोलू’ ते नाव त्यांच्याकडे असतं. दुसरे म्हणजे समोरच्या बाजूचे, तुम्ही ज्या सॉफ्टवेअर कंपनीशी भांडून भांडून डिलिव्हरी काढलीत ना, तिचा डिलिव्हरी हेड. तुम्ही कसं काम करता हे त्याने खर्च सोसून पाहिलंय, आणि त्याला दुसऱ्या बँकांमध्येही पीएम लागतच असतात.

मेसेजमध्ये ‘काही ओपनिंग असेल तर सांगा’ असं लिहू नका, त्यावर माणूस ‘नक्की’ म्हणतो आणि विसरतो, कारण काय शोधायचं तेच त्याला कळलेलं नसतं. असं काहीतरी लिहा : ‘लोन सिस्टिमचं मायग्रेशन मार्चअखेर संपतंय, एप्रिलपासून मोकळा आहे. बँक, एनबीएफसी किंवा इन्शुरन्समध्ये डेटा मायग्रेशन, यूएटी अडकलंय किंवा व्हेंडर बदलतोय असं कुठे कानावर आलं तर कोणाशी बोलू एवढंच सांग. बाकी कसं चाललंय, ठाण्यात असशील तर चहा घेऊ.’ बस. (यूएटी म्हणजे वापरणाऱ्यांनी करायची शेवटची चाचणी, एनबीएफसी म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी.) सीव्ही मागितला तरच पाठवा, दोन पानी, आणि वरच्या अर्ध्या पानात ‘उत्तम संवादकौशल्य’ वगैरे नको, तीन प्रोजेक्ट, प्रत्येकात काय अडकलं होतं, टीम केवढी होती, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं. एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, असेल तर बँकेचं नाव न घेता ‘मोठी खासगी बँक’ लिहिलं तरी चालतं.

एक गोष्ट मात्र सांभाळा. दोन व्हेंडरनी एकाच क्लायंटला तुमचा सीव्ही टाकला की डुप्लिकेट प्रोफाइल म्हणून दोन्ही बाद होऊ शकतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून ‘सर प्रोफाइल पाठवू का’ म्हणणाऱ्याला आधी क्लायंटचं नाव विचारायचं, मेलवर लेखी घ्यायचं, आणि कोणी कुठे कधी पाठवलं त्याची एक साधी शीट ठेवायची. नाव सांगत नसेल तर नाही म्हणा, वाईट वाटून घेऊ नका. साइटवरची प्रोफाइल बंद करू नका, पण तिथे नोटीस पिरीयड बरोबर भरा, रिक्रूटर आधी तोच फिल्टर लावतो आणि जुना ९० दिवसांचा तसाच राहिला असेल तर तुम्ही त्याला दिसतच नाही. रजिस्ट्रेशन फी नाहीतर लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा कोणी भेटला तर फोन ठेवून द्या.

आणि हो, एप्रिल-मे कोरडे जाऊ शकतात हे घरात आत्ताच सांगा, हप्त्याचे पैसे बाजूला काढा. काळजी घरच्यांपासून लपवून ठेवली की माणूस घाबरून पडेल त्या रेटला पहिलं काम घेतो आणि मग वर्षभर तोच रेट गळ्यात.

प्रश्न : ताई, मी ठाण्याची. २४ लाखांची नोकरी सोडून प्रोजेक्ट मॅनेजमेंटची कामं घेतेय. व्हेंडर म्हणतो महिन्याला दोन लाख देतो, तेवढेच तर होते. घेऊ का? शिवाय आधीच्या क्लायंटने चार महिने बिल दिलेलं नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तेवढेच नाहीयेत हो. नोकरीत पीएफमधला कंपनीचा वाटा होता, ग्रॅच्युइटी होती, मेडिक्लेम होता, सुट्ट्यांचे पैसे होते, आता आजारी पडलात तर तो दिवस गेला. दोन कामांच्या मधली गॅप धरली तर वर्षात समजा १७० दिवसांचंच बिल होतं, २४ लाखांना १७० ने भागा, दिवसाचे १४ हजारांच्या वर जातात. वीस दिवसांच्या महिन्याला हे २ लाख ८० हजारांच्या आसपास झाले, आणि मेडिक्लेम अजून त्यात धरलाच नाहीये. एवढे लगेच मिळतील असं नाही, पण बोलायला तिथून सुरुवात करा, आणि प्रत्येक वेळी ‘प्लस जीएसटी’ म्हणा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की रजिस्ट्रेशन करावंच लागतं, मग तुमच्या बिलावर १८ टक्के लागतात, आधी बोलला नसाल तर तो व्हेंडर ते तुमच्याच दोन लाखांत बसवेल. टीडीएस कापून पैसे येतात म्हणून टॅक्सचं झालं असंही समजू नका, ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. सीए लवकर गाठा.

थकलेल्या बिलाचं : उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केलंयत का? नसेल तर आज करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटच्या साइटवर जाऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशिरावर व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. पण रजिस्ट्रेशनच्या आधीच्या बिलांना ह्याचा आधार मिळणं अवघड, त्यासाठी वकील गाठावा लागेल. पुढच्या प्रत्येक बिलावर मात्र उद्यम नंबर छापा. मायक्रो-स्मॉलवाल्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये देईल त्या वर्षीच धरता येतो, त्यामुळे मार्चमध्ये त्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात, हे मी पाहिलंय. तरी नाहीच दिले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते, फक्त तो क्लायंट परत काम देईल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न : ताई, मी २९ ची, वसईला राहते. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) केलं तर कामं मिळतील का? क्लासवाला म्हणतो गॅरंटी आहे.
— एक वाचक, वसई

उत्तर : गॅरंटी क्लासच्या फीची आहे गं. पण फालतू पण नाहीये. मोठ्या टेंडरमध्ये पीएमचा सीव्ही जोडावा लागतो आणि बऱ्याचदा सर्टिफिकेट ही अटच असते, तेव्हा व्हेंडरला तू हवी असतेस ती त्या तीन अक्षरांसाठी, तेवढ्यासाठी घ्यावं. परीक्षेला बसायला प्रोजेक्ट चालवल्याचा काही वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, पास झाल्यावर दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवून रिन्यू करायचं. आधी पीएमआयच्या (ही परीक्षा घेणारी संस्था) मुंबई चॅप्टरच्या एखाद्या कार्यक्रमाला जाऊन ये, तिथे फ्रीलान्स काम करणारे भेटतील, त्यांनाच विचार सर्टिफिकेटने नेमकं कुठलं काम मिळालं. तोपर्यंत क्लासवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस.