जहाज फुटलं तरी लढलं पाहिजे

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत ‘स्पेस इंजिनिअर्स’ हा अंतराळात ब्लॉक जोडून जहाजं बांधायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे सगळा माल स्वतः जमवून, महिनाभर खपून एक मोठं लढाऊ जहाज बांधलं, बाहेरून सगळीकडे हेवी आर्मरचे, म्हणजे जड चिलखताचे, दोन थर. तरी पहिल्याच लढाईत पाच मिनिटांत बंद पडलं आणि नुसतं तरंगत राहिलं. आर्मर निम्म्याहून जास्त शाबूत होतं! अजून एक थर चढवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको रे, थर अजिबात चढवू नकोस. तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ, आर्मर शाबूत होतं आणि जहाज मेलं, म्हणजे दुखणं आर्मरच्या आत आहे.

आधी वजनाचं बोलू. मोठ्या ग्रिडचा, म्हणजे मोठ्या जहाजांना लागणारा, लाइट आर्मरचा एक पूर्ण ब्लॉक 25 स्टील प्लेटचा, वजन 500 किलो. हेवीला 150 प्लेट आणि वर ‘मेटल ग्रिड’ नावाचे 50 सुटे भाग लागतात, वजन 3300 किलो. म्हणजे हेवीचे हजार ब्लॉक लावलेस की दीड लाख प्लेट गेल्या आणि 3300 टन अंगावर आले. मोठा आयन थ्रस्टर, म्हणजे जहाज ढकलणारं इंजिन, 4.32 मेगान्यूटन जोर देतो. तेव्हा नुसत्या त्या आर्मरलाच सेकंदाला 100 मीटरच्या वेगावरून एका थ्रस्टरने थांबवायचं म्हटलं तर सव्वा मिनिट लागतं आणि तोवर जहाज पावणेचार किलोमीटर पुढे गेलेलं असतं. तेवढा वेळ समोरच्याला आयता निशाणा. बरेच जण थ्रस्टर फक्त मागच्या बाजूला लावतात, ब्रेक मारायला पुढे तोंड केलेले दोनच, आणि मग जहाज थांबत नाही म्हणून रडतात, तू सहाही दिशा मोजून बघ.

आता आतलं. माझं एक जहाज असंच गेलं होतं. डाव्या बाजूचे सगळे टरेट, म्हणजे फिरत्या तोफा, एकदम गप्प झाले, मला वाटलं फुटले, जवळ जाऊन बघितलं तर टरेट धडधाकट होते, फक्त रिकामे. सगळ्यांना दारूगोळा नेणारी कन्व्हेयरची नळी एकच होती आणि तिचा एक तुकडा, अक्षरशः एक ब्लॉक, उडाला होता. टरेटच्या पोटात होता तेवढा माल संपला आणि काम खलास. त्या दिवसापासून मी प्रत्येक बाजूला नळीचा वेढा घालतो, म्हणजे एकीकडून तुटली तरी दुसरीकडून माल पोचतो.

तुझं जहाज तरंगत राहिलं म्हणजे बहुतेक वीज गेली किंवा कॉकपिट गेलं. एकच मोठा रिअॅक्टर ठेवलायस का? त्याऐवजी छोटे रिअॅक्टर आणि बॅटऱ्या पुढे, मध्ये, मागे अशा वाटून ठेव. जहाज वळवणारे जायरोही एका खोलीत कोंबू नकोस. कॉकपिट पुढच्या काचेमागे शोभेला ठेवतात ते चुकीचं, खरं चालवायचं आसन जहाजाच्या पोटात असू दे, बाहेरचं कॅमेऱ्यातून दिसतं, आणि दुसऱ्या टोकाला दुरून चालवायचा एक रिमोट कंट्रोल. हायड्रोजनच्या टाक्या रिअॅक्टरला चिकटवू नकोस हे वेगळं सांगत नाही.

हेवी आर्मर लावायचंच, पण या पोटाभोवती. बाकी हँगर, राहायच्या खोल्या, शोभेची शेपटी, सगळं लाइटमध्ये, फुटलं तर फुटू दे. हे मी शोधलेलं नाही, खऱ्या युद्धनौकांत हेच केलं. अमेरिकेची ‘नेवाडा’ 1916 मध्ये नौदलात आली, तिच्यात इंजिन, दारूगोळा आणि तोफांभोवती जाड चिलखत आणि बाकी ठिकाणी जवळजवळ काहीच नाही असा हिशेब होता. ती 1946 साली पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांजवळ अणुबॉम्बच्या चाचण्यांत निशाणा म्हणून ठेवली होती, तिथेही बुडली नाही, 1948 मध्ये तोफा आणि टॉर्पेडो मारून बुडवावी लागली. मला ही बोट मनापासून आवडते.

आणि बाहेरच्या कातडीत आणि आतल्या हेवीमध्ये एक-दोन ब्लॉकची पोकळी सोड. रॉकेट बाहेर फुटतं, त्याचा स्फोट थोड्याच अंतरापर्यंत पोचतो, पोकळीत जिरतो. सलग दोन थरांपेक्षा हे स्वस्तात पडतं.

बांधायच्या आधी एक काम कर. क्रिएटिव्हमध्ये, म्हणजे माल फुकट मिळतो त्या प्रकारात, जहाज पेस्ट करून एकेक ब्लॉक काढ, दरवेळी बघ, उडतंय का, वळतंय का, तोफा भरतायत का. ज्या एका ब्लॉकने सगळं थांबतं त्याची जोडी दुसरीकडे बसव. एक संध्याकाळ जाईल.

प्रश्न : प्रोजेक्टर आणि वेल्डर लावून जहाज स्वतःला लढाईतच दुरुस्त करू शकतं का? आणि डिकॉय, म्हणजे शत्रूला चकवणारे ब्लॉक, कामाचे असतात का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : करू शकतं. जहाजाची स्वतःचीच ब्लूप्रिंट, म्हणजे साठवलेला आराखडा, तो हवेत दाखवणाऱ्या प्रोजेक्टरवर टाकायची आणि ती जहाजावर बरोब्बर जुळवायची, मग वेल्डर उडालेले ब्लॉक परत उभे करतो. पण वेल्डरचा हात आखूड असतो आणि प्लेट कार्गोतून कन्व्हेयरनेच यायला लागतात, म्हणून अख्ख्या जहाजाचा नाद सोडा, रिअॅक्टर आणि मुख्य टरेटच्या मुळाशी दोन-चार बसवा.

डिकॉय जरूर लावा, शत्रूचे टरेट त्यांच्याकडे ओढले जातात. फक्त ते दूर, दांडीच्या टोकाला लावा आणि वीज पोचतेय ना बघा. एकाने ते थेट कॉकपिटच्या डोक्यावर लावलेले मी पाहिलेत, सगळा मारा तिथेच आला आणि आसनासकट सगळं गेलं.