तिसऱ्या मजल्यावरची वाळवी

प्रश्न : गिरगावातील एका जुन्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. न्हाणीघरालगतच्या दाराची चौकट वाळवीने पोखरली आहे. तळमजल्यावर दोनदा औषध मारूनही पावसाळ्यात ती पुन्हा येते. शिवाय सागवानी कपाटाखाली रोज बारीक दाणे साचतात. वाळवी जमिनीतून येत असेल, तर ती इतक्या वर कशी पोहोचते?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या वर्णनावरून आपल्या घरात दोन निरनिराळ्या प्रकारच्या वाळव्या असाव्यात, असे दिसते.

चौकटीतील वाळवी बहुधा कॉप्टोटर्मिस या प्रजातीची असावी. भिंतीवरची मातीची नळी हलकेच फोडून भिंगातून पाहावे. पिवळसर, पुढे निमुळत्या होत गेलेल्या डोक्याचा सैनिक, म्हणजे वसाहतीची राखण करणारा किडा, डिवचला की त्याच्या कपाळावरील छिद्रातून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. ही वाळवी मुळात जमिनीतली खरी, पण तिला मातीपेक्षा ओलाव्याची गरज अधिक असते, आणि भिंतीत सतत पाणी मुरत असेल, तर चावलेले लाकूड, माती व स्वतःची विष्ठा यांपासून पोकळ्यांमध्ये घर बांधून ती जमिनीशी संबंध न ठेवताही वरच्या मजल्यावर टिकून राहू शकते. अशा वेळी तळमजल्यावरील औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून आधी न्हाणीघराची गळती काढावी, आणि मगच औषधाचा विचार करावा. हा क्रम उलटा केल्यानेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

बांधून झालेल्या इमारतींसाठी आय.एस. ६३१३ या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. त्यानुसार भिंत आणि जमीन मिळतात त्या सांध्यात साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर भोके पाडून त्यांत औषध सोडतात. नुसत्या वरवरच्या फवारणीने किंवा रॉकेल ओतल्याने दिसणारे कामकरी किडे तेवढे मरतात, मूळ वसाहतीला धक्काही लागत नाही. कंत्राटदार भोके पाडण्यास टाळाटाळ करू लागला, तर त्याला मानकाची आठवण करून द्यावी.

कपाटाचे प्रकरण वेगळे आहे. दाणे खसखशीएवढे असून भिंगाखाली त्यांच्या लांबीला सहा बाजू दिसल्या, तर ती क्रिप्टोटर्मिससारख्या कोरड्या लाकडातील वाळवीची विष्ठा समजावी; दाण्यांऐवजी बारीक भुकटी असेल, तर तो भुंग्याचा उद्योग असू शकतो. ही वाळवी मातीच्या नळ्या बांधत नाही, तिला जमिनीचा ओलावाही लागत नाही आणि तिची लहानशी वसाहत त्याच लाकडात वर्षानुवर्षे राहते. सागवानाला वाळवी लागत नाही, ही समजूत अर्धीच खरी आहे, कारण प्रतिकारशक्ती असते ती गाभ्याच्या लाकडात. सालीलगतचे फिकट लाकूड आणि पाठीमागे ठोकलेल्या हलक्या फळ्या ती बिनदिक्कत खाते. जमिनीत कितीही औषध सोडले, तरी या कपाटाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. लागण एखाद्याच फळीपुरती असेल, तर ती फळी काढून टाकणे सर्वांत स्वस्त पडते. अन्यथा ज्या छिद्रांतून दाणे पडतात, त्यांतून जाणकाराकडून औषध टोचून घ्यावे आणि खालची जागा स्वच्छ पुसून पुढील काही आठवडे नवे दाणे पडतात का, यावर लक्ष ठेवावे.