फिफ्टी-फिफ्टी हायब्रिड: नेमकं काय निम्मं-निम्मं?

प्रश्न: गांजाच्या स्ट्रेनची, म्हणजे वाणांची, वर्णनं वाचताना 'बॅलन्स्ड हायब्रिड, ५० टक्के सॅटिव्हा, ५० टक्के इंडिका' हे सतत दिसतं, आणि पुढे ठरलेलं वाक्य की डोकं तरतरीत आणि अंग सैल, दोन्ही एकदम. हे फिफ्टी-फिफ्टी मोजतं कोण?

उत्तर: बहुतेक वेळा कोणीच नाही. ब्रीडरने एक झाड घेतलं ज्याला सॅटिव्हा म्हणतात, दुसरं घेतलं ज्याला इंडिका म्हणतात, क्रॉस केला, झालं पोरगं फिफ्टी-फिफ्टी, एवढाच हिशोब. आता त्या आईबापांतच आधीच्या कितीतरी क्रॉसची सरमिसळ असते, मग निम्मं ते कशाचं निम्मं?

आणि नावांचा घोळ तर फार जुना आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं, निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये इंडिका, तेही भारतातून आलेल्या नमुन्यांवरून. गंमत अशी की लामार्कची ती इंडिका अरुंद पानांची होती आणि आज लोक ज्याला इंडिका म्हणतात ते बुटकं, रुंद पानांचं झाड अफगाणिस्तानाकडचं, म्हणजे लामार्कचं झाड आजच्या दुकानात ठेवलं तर त्यावर बहुधा 'सॅटिव्हा' असंच लेबल लागेल! २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी डीएनए तपासला तेव्हा लेबलवरची टक्केवारी आणि प्रत्यक्ष जनुकं यांचा मेळ बेताचाच निघाला, काही सँपल तर स्वतःच्याच नावाच्या सँपलपेक्षा भलत्याच नावाच्या सँपलला जास्त जवळची होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

प्रश्न: मग 'बॅलन्स्ड' या शब्दाला काही अर्थच नाही का? ओळखायचं कशावरून?

उत्तर: आहे ना, दोन अर्थ आहेत, पण लोक ते एकात एक मिसळतात.

पहिला झाडाच्या ठेवणीचा. सॅटिव्हा म्हणून विकलं जाणारं झाड उंच, पानं अरुंद, फुलायला वेळ घेणारं, आणि इंडिका म्हणून विकलं जाणारं बुटकं, झुडपासारखं, लवकर फुलणारं. बॅलन्स्ड हायब्रिड या दोघांच्या मधलं, मध्यम उंची, पान ना फार रुंद ना फार बारीक. हे डोळ्यांनी दिसतं, खोटं नाही, पण पानाच्या रुंदीवरून आत रसायन काय आहे ते कळत नाही.

दुसरा अर्थ रसायनाचा, आणि माझ्या मते खरा बॅलन्स हाच. १९७३ पासून शास्त्रज्ञ या झाडांचे गट टीएचसी (नशा आणणारं रसायन) आणि सीबीडी (नशा न आणणारं) यांच्या प्रमाणावरून पाडतात: टीएचसी जास्त असलेला, सीबीडी जास्त असलेला, आणि मधला दोन्ही बऱ्यापैकी असलेला, ज्याला टाइप टू म्हणतात. मला विचाराल तर बॅलन्स्ड हा शब्द याच मधल्या गटासाठी राखून ठेवायला हवा होता. पण बाजारात बॅलन्स्ड हायब्रिड म्हणून जे फिरतं त्यातलं बरंचसं पहिल्या गटातलंच असतं, टीएचसी १८-२० टक्के आणि सीबीडी १ टक्क्याच्याही खाली, आता याला बॅलन्स कोणत्या तराजूत म्हणायचं ते मला कोणी तरी सांगा.

म्हणून लॅब रिपोर्ट असेल तर सॅटिव्हा-इंडिका सोडा, 'टोटल टीएचसी' आणि 'टोटल सीबीडी' हे दोन आकडे बघा. टोटल यासाठी की ताज्या फुलात टीएचसी फारसं नसतंच, त्याचं आम्लरूप टीएचसीए असतं, उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतं, वजन घटतं म्हणून रिपोर्टमध्ये टीएचसीएला ०.८७७ ने गुणतात.

प्रश्न: बॅलन्स्ड म्हणजे सौम्य, नवख्याला चालेल असं, बरोबर ना?

उत्तर: नाही हो. २० टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅम टीएचसी, हायब्रिड म्हणा नाहीतर आणखी काही. आणि सोबत सीबीडी असलं की ते टीएचसीला आवर घालतं ही समजूतही जरा जपूनच घ्या. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ४६ निरोगी लोकांवर प्रयोग झाला, १० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर सीबीडी तेवढंच, दुप्पट, तिप्पट देऊन पाहिलं, श्वासावाटे, तरी विस्मरण आणि संशयी विचार काही कमी झाले नाहीत. खाण्यातून घेतलं तर वेगळीच भानगड, परिणाम जाणवायला अर्धा तास ते दोन तास लागतात, मधे माणसाला वाटतं काही होतच नाही आणि तो आणखी खातो. ज्यांच्या घरात सायकोसिसचा (वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराचा) इतिहास आहे, ज्या गरोदर आहेत, ज्यांचं वय लहान आहे, त्यांच्यासाठी 'बॅलन्स्ड' असा काही प्रकार नाही, लांबच राहायचं. शिवाय देशोदेशी कायदा वेगळा, तो आधी बघायचा.

प्रश्न: वासावरून कळतं का?

उत्तर: वासावरून टर्पीन, म्हणजे झाडातली वास देणारी द्रव्यं, कळतात, बॅलन्स नाही. लिमोनीन लिंबाच्या सालीसारखं, पायनीन चिडाच्या झाडासारखं, कॅरिओफिलीन काळ्या मिरीतही असतं. वास आवडणं-नावडणं ठीक, पण वासावरून टीएचसी ओळखतो म्हणणाऱ्याचं हसून ऐकून घ्यावं.

प्रश्न: खऱ्या १:१ वाल्या, म्हणजे टीएचसी आणि सीबीडी सारखंच असलेल्या, झाडाचं बी धरलं तर पुढचं झाडही तसंच येईल?

उत्तर: हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण इथे फिफ्टी-फिफ्टी खरंच सापडतं! २००३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात टीएचसीवालं आणि सीबीडीवालं झाड क्रॉस केलं, तर पहिल्या पिढीत सगळी मिश्र निघाली, दोन्ही बाजूंचं जनुक आपापलं काम करत होतं, कोणी कोणाला दाबलं नाही. पण त्या मिश्र झाडांची पुढची पिढी काढली की मेंडेलचं गणित लागू होतं, चारात सरासरी एक टीएचसीवालं, एक सीबीडीवालं आणि दोनच मिश्र. तेव्हा बी धरलं तर निम्मी झाडं आईसारखी, निम्मी नाहीत, आणि मिश्र निघाली त्यांतही प्रमाण तंतोतंत १:१ नसतं, थोडं पुढेमागे होतंच. ज्यांना दर वेळी तेच प्रमाण हवं असतं ते म्हणूनच बियांच्या नादी न लागता एकाच झाडाची कलमं लावत राहतात.