कांद्याचा रस आता पुरे

*ताई, माझी मुलगी 24 वर्षांची, हिंजवडीत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी मानेच्या वर रुपयाएवढी चाई पडली, मग पसरतच गेली. उरलेले केस गेल्या महिन्यात तिने स्वतःच मशीनने काढून टाकले. भुवयाही विरळ झाल्यात. कांद्याचा रस, लसूण, जास्वंद, सगळं करून झालं. मी रोज काही ना काही उपाय पाठवते, तर तिने माझे मेसेज म्यूट केलेत. मे महिन्यात भाचीचं लग्न आहे. निदान त्या दिवशी तरी विग घाल, हे तिला कसं समजावू?*
*– एक आई, सिंहगड रस्ता*

पत्र दोनदा वाचलं. त्यात कांदा आहे, लसूण आहे, भाची आहे. मुलगी काय म्हणते, ते मात्र कुठेच नाही. तिने म्यूट केलंय, एवढंच कळतं.

आधी आजाराबद्दल, कारण तुम्हाला ते कोणी धड सांगितलेलं दिसत नाही. चाई म्हणजे केसांना लागलेली कीड नव्हे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच चुकून केसांच्या मुळांवर चालून जातात. मूळ मरत नाही, काम थांबवतं. म्हणून काही वर्षांनीही केस येऊ शकतात, पुष्कळदा आधी पांढरे येतात, आणि आलेले पुन्हा जाऊही शकतात. 100 माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होतं. हेल्मेटने नाही, टँकरच्या पाण्याने नाही. आणि ‘फार टेन्शन घेतेस’ हे तर तिला सांगूच नका. केस गेले ते गेले, वर दोषही तिचाच!

कांद्याचं म्हणाल, तर छोटी चाई बऱ्याचदा वर्षभरात आपली आपण भरते. त्या वेळी जे चोळत होतो, त्याला श्रेय मिळतं. एवढी पसरल्यावर कांद्याने फक्त उशीला वास येतो.

डॉक्टरांकडे खरे उपाय आहेत. छोट्या चट्ट्यांत चार-सहा आठवड्यांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. खूप पसरलेल्या चाईसाठी आता जॅक इनहिबिटर नावाच्या गोळ्या आहेत. त्यातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत 2022 साली याच आजारासाठी मान्यता मिळाली. पण त्या सगळ्यांना लागू पडत नाहीत, सुरू करण्याआधी टीबी आणि रक्त तपासावं लागतं, आणि थांबवल्या की केस पुन्हा गळू शकतात. तेव्हा विचारायचं ते हे: फरक किती महिन्यांनी कळेल, थांबवल्यावर काय, महिन्याचा खर्च किती, थायरॉइड तपासायचं का. खासगी परवडत नसेल तर ससूनमध्ये त्वचारोग विभाग आहे. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारा भेटला तर चहा न घेता उठा. आणि हे सगळं तिने विचारायचं, तिला हवं असेल तर. औषध नको म्हणाली, तरी ती 24 वर्षांची आहे.

आता डोकं भादरण्याबद्दल. रोज उशीवरचे, बाथरूमच्या जाळीवरचे केस गोळा करणं तिने एका सकाळी संपवलं. मला तरी यात वेडेपणा दिसत नाही. (ज्या पुण्यात एके काळी विधवेचं डोकं भादरल्याशिवाय लोकांना चैन पडत नव्हतं, तिथे मुलीने आपणहून भादरलं की सगळ्यांना कसंसं होतं!) दुचाकीवर आपल्याकडच्या सगळ्याच मुली डोक्याला स्कार्फ गुंडाळतात, तोवर ती चारचौघींसारखी. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कार्फ सोडायचा, तिथून पुढचा दिवस ती एकटी असते. तिथे काय होतं, हे तुम्ही तिला कधी विचारलंय का?

भुवया-पापण्या गेल्या की घाम आणि धूळ थेट डोळ्यांत जाते, म्हणून साधा चष्मा बरा. हेल्मेटच्या आत मऊ सुती टोपी. उन्हात टाळूला सनस्क्रीन. पाठवायचंच असेल, तर हे पाठवा, एकदाच.

कोड हाही याच जातकुळीतला आजार. कोड असलेल्यांसाठी पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन उभी केली. ती चाईसाठी नाही, पण ज्यांच्यावर बेतलंय त्यांनी एकमेकांशी बोलायचं, ही गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. मुलीच्या डॉक्टरांना विचारता येईल: तुमच्याकडची आणखी कोणी चाईवाली मुलगी हिच्याशी बोलायला तयार होईल का? आईचे दोनशे मेसेज एकीकडे आणि तसा एक फोन एकीकडे.

राहिलं लग्न. विग, ओढणी की नुसतं डोकं, हे तिला ठरवू द्या, आणि अजिबात यायचं नसेल तर तेही. मेच्या उकाड्यात, पैठणीवर, दिवसभर विग घालून बसणं काय असतं, ते स्वतः तासभर घालून बघा. ती आली, तर कार्यालयात कोणीतरी विचारणारच: ‘तिरुपतीला जाऊन आलात का?’ किंवा त्याहून वाईट, हळू आवाजात, ‘किमो चालू आहे का?’ उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही. ‘चाई आहे. बाकी ठणठणीत आहे.’ आणि तिला घेऊन मठ्ठ्याकडे निघायचं.