तो मोडलेला नाही, त्याचं रबर गेलंय

पत्र, थोडक्यात: वय ४३. दोन वर्षांपासून जुने जी.आय. जो (प्लास्टिकचे खेळण्यातले सैनिक) जमवतोय, चाळीसेक हजार गेले असतील. बायको म्हणते, विकून टाका. मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला कपाटाला हात लावू देत नाही, त्यावरूनही ती चिडते. मागच्या महिन्यात त्याने माझ्या बाबांनी मला आणून दिलेला स्नेक आइज (त्यातलाच एक जो) उचलला आणि कमरेतून त्याचे दोन तुकडे झाले. तेव्हापासून मुलगा त्या खोलीत येत नाही. बायकोला कसं समजावू?
— एक वाचक, ठाणे

बायकोचं राहू द्या. तुमच्या पत्रातला एकच शब्द मला सोडवत नाहीये: 'कमरेतून'.

दोन वर्षं जमवताय ना? मग पावणेचार इंची जो आतून कसा असतो ते तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. छातीचे दोन अर्धे भाग पाठीवरच्या एका स्क्रूने धरलेले असतात. पायांच्या मधे एक आकडा असतो. त्या आकड्यात अडकवलेली काळी रबरी ओ-रिंग कमरेच्या तुकड्यातून वर जाते आणि छातीतल्या खुंटीला अडकते. धड आणि पाय एकत्र राहतात ते केवळ या रिंगेच्या ताणावर. फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीचे जो आपल्याकडे आले त्याला तीसहून जास्त वर्षं झाली. तुमचा कपाटात नुसता उभा होता तेव्हाही त्याची रिंग ताणलेलीच होती. उष्णतेने, हवेने रबर कडक होतं, चिरतं आणि तुटतं. त्या दिवशी तुम्ही उचलला असतात तर तुमच्या हातात सुटला असता. पोराने काहीही मोडलेलं नाही. तुम्ही ओरडलात हे पत्रात लिहिलं नाहीत, पण मूल उगाच खोलीत यायचं थांबत नाही.

येत्या रविवारी तो दोघांनी मिळून जोडायचा. त्याला बोलवा आणि आधी सांगा, "रबर जुनं होतं, तुझी चूक नव्हती, मी उगाच ओरडलो." स्क्रू ड्रायव्हर त्यानंतर हातात घ्यायचा.

शनिवारीच हार्डवेअरच्या दुकानातून चार-पाच ओ-रिंगा आणून ठेवा. आतला व्यास साधारण १२.५ मिमी, जाडी दीड ते पावणेदोन मिमी. त्याहून जाड नको, ताण वाढला की कमरेचा तुकडा फुटतो. सैल असली की कंबर लटलटते. स्क्रूसाठी मोबाइल दुरुस्तीचा बारीक स्टार स्क्रू ड्रायव्हर लागेल. तो खाचेत घट्ट बसला पाहिजे, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघत नाही.

खाली टॉवेल पसरा. उघडण्याआधी फोटो काढा, कारण छाती उघडली की हात आणि डोकंही सुटतं. रबराचे जुने चिकट तुकडे कोरड्या कापसाने काढा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, रंग आणि प्लास्टिक दोन्ही जाईल. नवी रिंग आकड्यात घाला, तिच्यात दोरा ओवून कमरेच्या भोकातून वर ओढा आणि खुंटीवर चढवा. दोरा काढून घ्या. हे काम पोराला द्या, त्याची बोटं लहान आहेत. मग डोकं, हात, वरचा अर्धा भाग. स्क्रू बसवताना आधी उलटा फिरवायचा. टक् असं जाणवलं की तो जुन्या आट्यात बसला, तिथून सुलटा फिरवा. थेट पिळलात तर नवे आटे पडतात आणि जुनं प्लास्टिक तडकतं. छातीचे दोन्ही भाग मिळाले की थांबा.

सीलबंद पाकिटं राहू द्या कपाटात. हा मात्र त्याला खेळायला द्या. एवढंच शिकवा की बंदूक मुठीत कोंबायची नाही, अंगठा तुटतो. आधी जोचा हात अर्धा मिनिट कोमट पाण्यात धरायचा, प्लास्टिक मऊ पडतं. रिंग पुन्हा तुटली, तर उरलेल्या आहेतच.