वाचकांचे प्रश्न : पहिल्या फेरीत पाळीच नाही, तर नाव कोणाचे लिहावे?

प्रश्न : गुहागरजवळ आमची हापूसची बाग आहे. मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो आणि त्याच्या नादाने मीही ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे सामने पाहू लागलो. एप्रिल २०२६मधील पिट्सबर्गच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या सोहळ्यासाठी, या संघाचा सातही फेऱ्यांचा मॉक ड्राफ्ट, म्हणजे संघ कोणाला निवडील याचा अंदाज, मी तयार केला असून त्याचा कागद सोबत जोडला आहे. पहिल्या फेरीत मी कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, घेतला आहे. शिवाय तिसऱ्या फेरीच्या निवडीच्या दोन पाळ्या, या वर्षीची आणि पुढच्या वर्षीची, देऊन दुसऱ्या एका संघाकडून पहिल्या फेरीची आणखी एक पाळी मिळवली आहे आणि तिथे वाइड रिसीव्हर, म्हणजे लांबून फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, घेतला आहे. मुलगा कागद पाहून हसला, पण कारण सांगेना. माझे काय चुकले?
— एक बागायतदार, गुहागर

उत्तर : आपला कागद लक्षपूर्वक पाहिला. आखीव वहीचे पान, त्यावर पट्टीने पाडलेल्या सात चौकटी, दुसऱ्या फेरीतील नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेले, आणि पानाच्या मागे गेल्या हंगामातील पेट्यांचा हिशेब. मागचा हिशेब चोख असणार याबद्दल शंका नाही, कारण घरात नसलेली पेटी आपण कोणाला विकलेली नाही. पुढच्या बाजूला मात्र नेमके तेच झाले आहे. पॅकर्सकडे २०२६च्या पहिल्या फेरीची पाळीच नाही. ऑगस्ट २०२५मध्ये मायका पार्सन्स हा बचावफळीतील नामवंत खेळाडू डॅलस काउबॉइजकडून घेताना या संघाने २०२६ आणि २०२७ अशा दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या पाळ्या आणि वर केनी क्लार्क हा अनुभवी खेळाडू देऊन टाकला. म्हणून मॉक ड्राफ्टला बसताना आधी संघाच्या हाती कोणत्या पाळ्या उरल्या आहेत ते लिहून काढावे; खेळाडूंची नावे हा नंतरचा विषय आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ड्राफ्ट म्हणजे आपल्याकडील क्रिकेट किंवा कबड्डीच्या लीगसारखा लिलाव नव्हे, तिथे बोली लागत नाही. महाविद्यालयीन खेळाडूंमधून ३२ संघ पाळीपाळीने गडी निवडतात, आधीच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते आणि विजेत्याला फेरीतील शेवटची. १९३६पासून ही पद्धत चालू आहे. मात्र पाळ्यांची अदलाबदल करता येते, आणि सगळा गोंधळ, किंवा सगळी गंमत, तिथून सुरू होते.

आता आपल्या सौद्याकडे वळू. काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात प्रत्येक पाळीला गुण देणारा एक तक्ता तयार झाला आणि आज संघांकडे नवे तक्ते असले, तरी चाहत्यांचा हिशेब अजून बहुधा त्यावरच चालतो. त्यात पहिल्या पाळीला ३००० गुण आहेत, दहाव्या पाळीला १३०० आणि पहिल्या फेरीतील शेवटच्या, म्हणजे बत्तिसाव्या पाळीला ५९०. तिसऱ्या फेरीची सुरुवात ६५व्या पाळीने होते असे धरले, तर तिचे गुण २६५ भरतात. अशा दोन उत्तम पाळ्या एकत्र केल्या तरी बेरीज ५३० होते; म्हणजे पहिल्या फेरीचे शेपूटसुद्धा आपल्या हाती लागत नाही. त्यातही पुढच्या वर्षीची पाळी उधारीसारखी असल्यामुळे समोरचा संघ तिची किंमत आणखी पाडून धरतो. चिरंजीव बहुधा इथेच हसले असावेत.

अर्थात तक्ता म्हणजे काही कायदा नव्हे. २०२२ साली याच पॅकर्सनी ५३वी आणि ५९वी अशा दोन पाळ्या मिनेसोटा व्हायकिंग्जना देऊन ३४वी पाळी घेतली आणि ख्रिश्चन वॉटसन या रिसीव्हरची निवड केली. तक्त्याप्रमाणे दिले ६८० गुण आणि मिळाले ५६०. मनात भरलेला गडी दुसऱ्याने उचलू नये म्हणून संघ असा चढा भाव देतात. पण जास्त देणे आपल्या हातात असते, समोरच्याने कमी घेणे आपल्या हातात नसते.

यापुढचा मुद्दा संघाच्या सवयींचा आहे, आणि मला विचाराल तर मॉक ड्राफ्टची खरी कसोटी तीच आहे. पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घ्यावा ही पॅकर्सच्या चाहत्यांची फार जुनी इच्छा आहे. २००२मध्ये जॅव्हॉन वॉकर याची निवड झाल्यानंतर या संघाने तब्बल २३ वर्षे पहिल्या फेरीत रिसीव्हरला हात लावला नाही. ग्रेग जेनिंग्ज, जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डाव्हांटे ॲडम्स हे सगळे दुसऱ्या फेरीत घेतलेले. २०२०मध्ये तर चाहते रिसीव्हरची वाट पाहत असताना चौथ्या फेरीची एक पाळी देऊन संघ ३०वरून २६व्या क्रमांकावर सरकला आणि त्याने जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, घेतला. तोही ॲरन रॉजर्स हा नामवंत क्वार्टरबॅक संघात असताना. हा रॉजर्स स्वतः २००५मध्ये ब्रेट फार्व्ह त्याच जागी खेळत असतानाच घेतलेला होता. अखेर २०२५मध्ये ड्राफ्टचा सोहळा खुद्द ग्रीन बे येथे भरला, तेव्हा २३व्या पाळीवर मॅथ्यू गोल्डन या रिसीव्हरचे नाव पुकारले गेले आणि गावकऱ्यांचा नवस फिटला. तो फिटल्यावर लगेच पुढच्या वर्षी, तेही पाळी विकत आणून, पुन्हा रिसीव्हर घेणारा हा संघ मला तरी वाटत नाही. आपण लिहिले आहे ते आपल्याला काय आवडेल ते. मॉक ड्राफ्टात लिहायचे असते संघ काय करील ते. दोन्ही गोष्टी करायला हरकत नाही, फक्त त्या दोन वेगळ्या कागदांवर कराव्यात.

कॉर्नरबॅकचा विचार चांगला आहे. तो दुसऱ्या फेरीत उतरवून घ्या आणि तिथले तीनदा लिहिलेले नाव चौथ्यांदा खोडा.

प्रश्न : इतकी माहिती हाताशी असूनही जाणकारांचे अंदाज चुकतात कसे?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपण देवगडचे, त्यामुळे साक्याचे दुःख आपल्याला सांगायला नको. फळ बाहेरून केशरी, देठाशी घमघमाट, आणि कापल्यावर आत पांढरा साका निघतो. इंडियानापोलिसच्या चाचणी शिबिरात खेळाडूंची उंची, वजन, ४० यार्डांची धाव, सगळे मोजले जाते, पण मोठ्या मैदानावर तो कसा निघेल हे सुरी लागल्यावरच कळते. पुढे गाजलेले दोन क्वार्टरबॅक पाहा: टॉम ब्रेडी २०००मध्ये १९९व्या क्रमांकावर निवडला गेला, ब्रॉक पर्डी २०२२मध्ये २६२व्या, म्हणजे अगदी शेवटच्या. या झाल्या संघांच्या चुका. अंदाज बांधणारे आणखी एका कारणाने फसतात: ते एकमेकांचे अंदाज वाचतात. २०२५मध्ये शेडूर सँडर्स हा क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जाईल असे अनेकांनी लिहिले होते. प्रत्यक्षात त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले आणि त्याला पाचव्या फेरीत, १४४व्या पाळीवर, क्लीव्हलँड ब्राउन्सनी घेतले. त्याच ब्राउन्सनी तिसऱ्या फेरीत डिलन गॅब्रिएल हा दुसरा एक क्वार्टरबॅक आधीच घेऊन ठेवला होता, हे तर कोणाच्याच कागदावर नसावे.

प्रश्न : ड्राफ्ट आपल्याकडे किती वाजता असतो?
— एक विद्यार्थी, वेंगुर्ले

उत्तर : पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री ८ला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे शुक्रवारची पहाट, साडेपाच वाजलेले असतात. दुसरी आणि तिसरी फेरी आपल्याकडे साधारण शनिवारी पहाटे साडेचारपासून, आणि उरलेल्या चार फेऱ्या शनिवारी रात्री साडेनऊपासून. गुहागरच्या बागायतदारांनी शुक्रवारी खुशाल झेला घेऊन बागेत जावे. गजर लावायचा तो शनिवारचा.